बाविसाव्या पत्रापाशी

“एवढा एक मेलबॉक्स सोडून द्या,” हुद्दार साहेब म्हणाले. “तीनशे अकरा झालेत ना? राहिलेला एका रिटायर माणसाचा आहे. कोण विचारणार आहे त्याला?”

सोमवारचे अकरा वाजले होते. स्क्रीनवर तीच ओळ पाचव्यांदा आली होती. रिसोर्स लिमिट एक्सीडेड. मर्यादा संपली, काम थांबवलं.

“रिपोर्टवर तीनशे बारा लिहायचेत, साहेब.”

“तीनशे अकरा लिहा. एक खराब झाला म्हणून लिहा.”

“पण खराब झालेला नाही तो.”

हुद्दार साहेबांनी चष्मा काढला, डोळे चोळले आणि आपल्या टेबलाकडे गेले. ते वाईट माणूस नव्हते. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती आणि त्यांना ती बिनबोभाट काढायची होती, एवढंच.

ही २०११ च्या जूनमधली गोष्ट. मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते आणि आमच्या तालुक्याच्या दूध संघात कॉम्प्युटर विभागात नोकरीला लागून मला दीड वर्ष झालं होतं. अजून कायम झाले नव्हते. हुद्दार साहेब आमचे विभागप्रमुख. संघाचा ईमेलचा सर्व्हर जुना होता. शनिवारी संघाचा वर्धापनदिन होता आणि त्या दिवशी चेअरमनसाहेबांच्या हस्ते नवा सर्व्हर सुरू व्हायचा होता. त्याआधी जुन्यावरच्या प्रत्येक मेलबॉक्सचा बॅकअप घ्यायचा, म्हणजे सगळी पत्रं जशीच्या तशी उतरवून ठेवायची. मग जुना सर्व्हर पुसून संघाच्या शाळेला भेट द्यायचा. बॅकअपचं काम माझ्याकडे होतं.

सगळे मेलबॉक्स सरळ उतरले. चेअरमनसाहेबांचा उतरला, जाहिरात विभागाचा फोटोंनी फुगलेला उतरला. अडला तो दस्तगीर मुल्लांचा. मुल्ला हे रेफ्रिजरेशन इंजिनिअर. दूध थंड ठेवणारा सगळा अमोनिया प्लांट तीस वर्षं त्यांनी सांभाळला होता आणि फेब्रुवारीअखेर ते निवृत्त झाले होते. मी त्यांना फक्त कँटीनमध्ये बघितलं होतं. उंच, वाकलेले, शर्टाच्या खिशात नेहमी टेस्टर.

मला आधी वाटलं, मेलबॉक्स फार मोठा असेल. नव्हता. चेअरमनसाहेबांच्या निम्मासुद्धा नव्हता. मग बॅकअपचा प्रोग्रॅम बंद करून पुन्हा सुरू केला, तरी तेच. मग तुकडे पाडायला घेतले. आलेली पत्रं वेगळी, पाठवलेली वेगळी. आलेली पत्रं गेली. पाठवलेली अडली. ती कुठवर जातात ते तारखेनं बघितलं. २००८ गेलं. २००९ नोव्हेंबरपर्यंत गेलं आणि ३० नोव्हेंबरच्या एका पत्रापाशी थांबलं. पुन्हा लावलं, पुन्हा तिथंच. दहा वेळा लावलं असेल. दर वेळी ३० नोव्हेंबर २००९, सकाळी नऊ वाजून पाच मिनिटं.

आमच्या सर्व्हरची एक अट होती. एक जण एका वेळी अडीचशेच पत्रं उघडी ठेवू शकतो. त्याहून जास्त उघडली की सर्व्हर दार लावून घेतो. हेतू चांगला होता, एकानं सगळी जागा अडवू नये. पण बॅकअपचा प्रोग्रॅम एक पत्र उघडतो, उतरवतो, मिटतो आणि पुढचं घेतो. मग ३० नोव्हेंबरच्या त्या एका पत्रापाशी अडीचशे पत्रं उघडी कशी राहत होती?

ते पत्र उघडून बघणं मला अवघड नव्हतं. सगळ्या चाव्या आमच्याकडेच असतात. पण नोकरीच्या पहिल्या दिवशी हुद्दार साहेबांनी मला खुर्चीवर बसवून सांगितलं होतं की चाव्या आपल्याकडे आहेत म्हणूनच आपण कुणाचं दार उघडायचं नाही. मला ते पटलं होतं आणि तोवर मी ते पाळलं होतं. त्यामुळे एकच वाट उरली. ज्याची पत्रं, त्यालाच विचारायचं.

मंगळवारी ऑफिस सुटल्यावर मी स्कूटीवरून कुरुंदवाडला गेले. मुल्ला साहेब घराच्या पुढच्या सोप्यात कुणाचा तरी जुना फ्रिज उघडून बसले होते. मी नाव सांगितलं, संघातून आले म्हणाले, तसा त्यांचा हात थांबला. चेहरा एकदम बंद झाला. त्यांनी मला बसा म्हटलं नाही. त्यांच्या पत्नीनं आतून पाट आणून ठेवला, तेव्हा मी बसले.

“चौकशीच्या कामाला आलाय का?” त्यांनी विचारलं.

मी म्हणाले, कसल्या चौकशीच्या? मी कॉम्प्युटर विभागातली. तुमचा मेलबॉक्स उतरत नाही, म्हणून आले. मग मी त्यांना सगळं सांगितलं, ३० नोव्हेंबरचं पत्र, अडीचशेची अट, सगळं. बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की ते फ्रिजकडे बघत नव्हते, माझ्याकडे बघत होते.

“म्हणजे माझी पत्रं अजून आहेत?”

“आहेत की. शनिवारपर्यंत.”

“मला सांगितलं, माणूस रिटायर झाला की त्याचं सगळं पुसतात.”

“कुणी सांगितलं?”

 त्यांनी हात पुसले आणि आत जाऊन खुर्ची आणली, माझ्यासमोर मांडली. मग विचारलं, “सोमवार होता का, ३० नोव्हेंबरला?”

मी मोबाइलवर कॅलेंडर काढलं. सोमवार होता.

“मग ते माझंच पत्र. दर तिसऱ्या सोमवारी सकाळी कामावर आलो की पहिलं ते पाठवायचो. पंधरा सप्टेंबर दोन हजार आठला सुरुवात केली. शेवटचं चौदा फेब्रुवारीला, या वर्षी. एकंदर त्रेचाळीस.”

“सगळी एकाच विषयावर?”

“एकाच. आणि प्रत्येकात मागचं पत्र जोडलेलं. माझे वडील पाटकरी होते, कालव्यावर. ते म्हणायचे, नवा अर्ज दिला की जुना मागं टाचायचा. नाहीतर साहेब म्हणतो, याआधी कधी सांगितलंच नव्हतं.”

 मग माझ्या डोक्यात लख्ख झालं. दुसऱ्या पत्राच्या पोटात पहिलं. तिसऱ्याच्या पोटात दुसरं आणि त्याच्या पोटात पहिलं. प्रोग्रॅम साधं पत्र लगेच मिटतो, पण पत्राच्या आत पत्र असलं की आतलं सगळं उघडतो आणि ते फोल्डर संपेपर्यंत मिटतच नाही. मी त्यांच्याकडे कागद मागितला. त्यांनी फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा आणि कानामागची पेन्सिल दिली. आम्ही दोघं वाकून बेरीज करायला लागलो. एक. एक आणि दोन तीन. तीन आणि तीन सहा. एकविसाव्या पत्रापर्यंत दोनशे एकतीस झाले. बाविसावं घेतलं की दोनशे त्रेपन्न.

“अडीचशेच्या वर गेलं,” मी म्हणाले.

मुल्ला साहेबांनी बोटांवर तीन-तीन आठवडे मोजले, अगदी हळू. “बाविसावं म्हणजे ३० नोव्हेंबरच,” ते म्हणाले.

इतका आनंद मला त्या नोकरीत कधी झाला नव्हता. दोन दिवस नडलेलं कोडं सुटलं होतं. अडीचशेची अट वाढवून हजार केली की झालं, त्रेचाळीस पत्रांची बेरीज नऊशे सेहेचाळीसच होत होती. त्या आनंदात मी सहज विचारलं, असं काय लिहीत होता तुम्ही त्रेचाळीस वेळा?

“अमोनियाच्या टाकीचा सेफ्टी व्हॉल्व्ह गंजून बसलाय, बदला, म्हणून.”

मी पुठ्ठा खाली ठेवला.

आमच्याकडे ९ एप्रिलला काय झालं ते तालुक्यात सगळ्यांना माहीत होतं. दुपारी अमोनियाच्या टाकीत दाब चढला, पाइपचा एक जोड फुटला आणि गॅस पाऊच पॅकिंगच्या हॉलमध्ये घुसला. तिथल्या अकरा बायका दवाखान्यात गेल्या. ड्यूटीवरचा ऑपरेटर बाबासो कोळेकर डोक्यावर ओलं गोणपाट घेऊन आत शिरला आणि त्यानं मेन बंद केला. बायका सगळ्या वाचल्या. बाबासोचा उजवा डोळा गेला. आणि दहाव्या दिवशी त्याच्यावर ठपका आला की त्यानंच पुढचा व्हॉल्व्ह चुकून बंद ठेवला होता, म्हणून दाब चढला. त्याला निलंबित केलं होतं, पोलिसांत निष्काळजीपणाचा गुन्हा दाखल होता, खात्याची चौकशी चालू होती.

मुल्ला साहेबांनी मला समजावून सांगितलं. कोणी कुठलाही व्हॉल्व्ह चुकून बंद ठेवला तरी दाब वाढल्यावर सेफ्टी व्हॉल्व्ह आपोआप उघडायला हवा आणि गॅस छपराच्या वरून निघून जायला हवा. त्यासाठीच तो असतो. तो उघडला असता तर जोड फुटला नसता. मुल्लांनी चौकशीत जाऊन हे सांगितलंही होतं. वर्क्स मॅनेजर देशिंगकर म्हणाले, असं एकही पत्र मला आलेलं नाही. चौकशी अधिकारी म्हणाल्या, कागद दाखवा. मुल्लांकडे कागद नव्हता.

“खोटं बोलणारा म्हातारा ठरून घरी आलो,” ते म्हणाले. “बाबासोच्या घराकडं अजून गेलो नाही. कुठल्या तोंडानं जाऊ?”

मी त्यांच्याकडून लिहून घेतलं की माझा मेलबॉक्स उघडायला आणि त्यातली पत्रं चौकशीत दाखवायला माझी हरकत नाही. त्यांनी सही केली, तारीख घातली, मग विचार करून वेळही घातली.

बुधवारी सकाळी मी हुद्दार साहेबांना अडचण आणि उपाय दोन्ही सांगितलं. अट वाढवायची तर मेलची सेवा पाच-सात मिनिटं बंद करून पुन्हा चालू करावी लागत होती. मी तशी लेखी परवानगी मागितली. ते म्हणाले, कार्यक्रमाच्या आठवड्यात सर्व्हरला हात लावायचा नाही, शनिवारनंतर बघू. मी म्हणाले, शनिवारनंतर तो सर्व्हर असणार नाही. मग मी पत्रांत काय आहे तेही सांगितलं.

ते उठून खिडकीपाशी गेले. जरा वेळानं म्हणाले, “मला वर बोलावं लागेल.”

दुपारी तीन वाजता मला देशिंगकर साहेबांनी बोलावलं. त्यांच्या केबिनमध्ये हुद्दार साहेब आधीच बसलेले होते, मान खाली. देशिंगकर गोरे, नीटनेटके, आवाज कधी न चढवणारे. त्यांनी चहा मागवला, माझं मूळ गाव विचारलं, मग एक टाइप केलेला कागद माझ्यापुढे सरकवला. तीनशे अकरा मेलबॉक्स पूर्ण. एक मेलबॉक्स दुरुस्तीपलीकडे खराब. खाली माझं नाव, अनुराधा मगदूम, आणि सहीसाठी जागा.

“सही करा,” ते म्हणाले.

“हे खरं नाही, साहेब. मेलबॉक्स खराब नाही. भरलेला आहे.”

“काय भरलंय त्यात?”

“मी उघडलेला नाही.”

“मग माहीत कसं?”

“किती भरलाय ते मोजता येतं,” मी म्हणाले. “काय भरलंय ते तुम्हाला माहीत असेल.”

माझ्या तोंडून ते कसं गेलं मला आजही कळत नाही. हुद्दार साहेबांनी वर बघितलं. देशिंगकरांनी चहाचा कप बशीत ठेवला, आवाज न करता. म्हणाले, तुम्ही अजून कायम नाही, ऑगस्टमध्ये तुमचा विषय बोर्डापुढे येईल, माझंही मत विचारलं जाईल. मी म्हणाले, द्या तुमचं मत. ते हुद्दार साहेबांकडे वळून म्हणाले, “शनिवारची वाट कशाला बघायची? दोन दिवस आकडे फोनवर घेऊ. उद्या दुपारी बारापर्यंत जुना सर्व्हर बंद करा.”

मी सही न करता उठले.  भीती होतीच. घरी आई आणि मी दोघीच होतो आणि ही नोकरी मिळायला मी दोन वर्षं खेटे घातले होते. पण भीतीपेक्षा संताप मोठा होता. मुल्ला साहेबांनी त्रेचाळीस सोमवार जे केलं, ते सगळं एका सहीनं खराब ठरणार होतं आणि ती सही माझ्याकडून हवी होती.

गुरुवारी मी साडेनऊला सर्व्हर रूममध्ये गेले. परवानगी नव्हती. नऊ चाळीसला मी अट अडीचशेवरून हजारावर नेली आणि मेलची सेवा बंद केली.

नेमकं त्याच वेळेला तालुक्यातल्या सगळ्या शीतकरण केंद्रांवरून सकाळच्या संकलनाचे आकडे मेलवर येतात. दोन मिनिटांत फोन वाजायला लागले. संकलन विभाग, मार्केटिंग, चेअरमनसाहेबांचे पीए. मी सगळ्यांना एकच सांगितलं, सात मिनिटं थांबा, मी बंद केलंय. मीच बंद केलंय हे मुद्दाम सांगितलं. नंतर कुणी दुसऱ्यावर ढकलू नये म्हणून.

नऊ सत्तेचाळीसला सेवा पुन्हा चालू झाली. मी मुल्लांचा मेलबॉक्स बॅकअपला लावला. जुनं यंत्र, सावकाश चालायचं. अंदाज दाखवत होतं दोन तास पाच मिनिटं.  म्हणजे बाराला आठ मिनिटं कमी.

अकराच्या सुमाराला पाठवलेल्या पत्रांचं फोल्डर आलं. २००८ गेलं. २००९ मधली एकेक तारीख सरकत गेली. ३० नोव्हेंबर आलं आणि आकडा थांबला. मी श्वास धरून बसले. चार सेकंद, पाच सेकंद. मग २१ डिसेंबर आलं.

अकरा पंचवीसला देशिंगकर आले. एकटेच. दारातूनच म्हणाले, “बंद करा ते.”

“चालू काम मध्ये तोडता येत नाही,” मी म्हणाले.

“येतं. मला माहीत आहे. वीज काढली की तुटतं.” ते भिंतीवरच्या स्विचकडे निघाले.

मी खुर्चीवरून उठले आणि स्विचच्या पुढं जाऊन उभी राहिले. मी बुटकी, ते सहा फूट. दुसरं काही सुचलंच नाही. ते म्हणाले, बाजूला व्हा. मी नाही म्हणाले. ते परत म्हणाले. मी परत नाही म्हणाले. अंगाला हात लावायची त्यांची छाती झाली नाही आणि बाजूला व्हायची माझी तयारी नव्हती. असे आम्ही किती वेळ उभे होतो कोण जाणे.

तेवढ्यात हुद्दार साहेब आत आले. त्यांनी आमच्याकडे बघितलं, स्क्रीनकडे बघितलं. मला वाटलं, संपलं. ते माझे साहेब होते, त्यांनी सांगितलं असतं तर मला जागा सोडावी लागली असती.

“साहेब, तुम्ही बारापर्यंत म्हणाला होता,” ते देशिंगकरांना म्हणाले.

“हुद्दार, तुम्हाला कळतंय ना काय चाललंय?”

“कळतंय. बारा वाजायला अजून अर्धा तास आहे.” आणि त्यांनी कोपऱ्यातलं स्टूल ओढलं, दाराच्या आतल्या बाजूला ठेवलं आणि त्यावर बसले. घड्याळ मनगटावरून काढून मांडीवर ठेवलं. जो माणूस बिनबोभाट निवृत्त होऊ बघत होता, त्यानं ते केलं.

देशिंगकर निघून गेले. अकरा बावन्नला स्क्रीनवर तीनशे बारा पूर्ण असं आलं. बाराच्या ठोक्याला हुद्दार साहेबांनी स्वतः उठून जुना सर्व्हर बंद केला.

मग त्यांनी मला समोर बसवून मेमो लिहून दिला. परवानगीशिवाय सेवा बंद केल्याबद्दल खुलासा करावा. मी तो घेतला, पोच दिली. लगेच त्यांनी माझा बॅकअपचा रिपोर्ट मागवला, वाचला आणि त्यावर ‘तपासले, बरोबर आहे’ असं लिहून सही केली.

त्या रिपोर्टमध्ये एक रकाना असतो, अडचण आली असल्यास तिचं कारण. एरवी तिथं कुणी दोन शब्दांवर जात नाही. मी लिहिलं: ‘मेलबॉक्स क्रमांक ३१२ मध्ये अमोनिया टाकीचा सेफ्टी व्हॉल्व्ह बदलण्याविषयी वर्क्स मॅनेजर यांना पाठवलेली त्रेचाळीस पत्रे आहेत. प्रत्येक पत्रात मागील सर्व पत्रे जोडलेली असल्याने सर्व्हरची मर्यादा बाविसाव्या पत्रापाशी संपत होती. मर्यादा वाढवून काम पूर्ण केले.’ प्रत नेहमीप्रमाणे सर्व विभागप्रमुखांना. त्याखाली मी एक नाव जास्तीचं घातलं. चौकशी अधिकारी. त्यांच्या प्रतीला मुल्ला साहेबांचं संमतीपत्र टाचलं.

सोमवारी मला चौकशीत साक्षीला बोलावलं. चौकशी अधिकारी म्हणजे कोल्हापूरच्या एक निवृत्त न्यायाधीश, शेडबाळे मॅडम. बोर्डरूममध्ये लांब टेबल, एका बाजूला देशिंगकर, दुसऱ्या बाजूला बाबासो काळा चष्मा लावून. मुल्ला साहेब भिंतीजवळच्या खुर्चीत. बाबासोनं त्यांच्याकडे एकदाही बघितलं नव्हतं.

देशिंगकरांनी शांतपणे सांगितलं की पत्रं पाठवलेली असतीलही. पाठवणं वेगळं आणि पोहोचणं वेगळं. मला एकही मिळालं नाही, माझ्या मेलबॉक्समध्ये बघा. मिळालं असतं तर मी बदलला नसता का?

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. म्हणाल्या, पोहोचल्याचं काही दिसतं का?

मी लॅपटॉपवर मुल्लांची आलेली पत्रं उघडली. हे मला शुक्रवारी दिसलं होतं, पण मी कुणालाही सांगितलं नव्हतं, मुल्लांनासुद्धा नाही. मुल्ला साहेब प्रत्येक पत्राबरोबर पोच मागायचे. समोरच्यानं पत्र उघडलं की सर्व्हर आपणहून पोच पाठवतो. उघडणाऱ्याला ते कळतही नाही. ती पाठवणाऱ्याकडे येऊन पडते, कोणी, कोणत्या दिवशी, किती वाजता वाचलं.

“पंधरा सप्टेंबर दोन हजार आठ,” मी वाचायला लागले. “वाचले, देशिंगकर, सकाळी दहा वाजून बारा मिनिटं. सहा ऑक्टोबर. वाचले, देशिंगकर, दहा वाजून तीस मिनिटं. सत्तावीस ऑक्टोबर. वाचले.”

मॅडमनी मला मध्ये थांबवलं नाही. मी त्रेचाळीसही वाचल्या.  संपल्यावर त्या म्हणाल्या, शेवटचं पत्र वाचा. मी मुल्ला साहेबांकडे बघितलं, त्यांनी मान हलवली. पत्र चारच ओळींचं होतं. ‘सेफ्टी व्हॉल्व्ह अद्याप बदललेला नाही. चाचणीची मुदत संपून तीन वर्षे झाली. मी या महिनाअखेर निवृत्त होत आहे. यापुढे आठवण करून द्यायला कोणी नाही, तरी कृपया आता बदलावा.’

बाबासो उठून उभा राहिला. परवानगी मागितली नाही.

“देशिंगकर साहेब, दवाखान्यात तुम्ही माझ्या उशाला आलता. म्हणाला, बाबासो, चूक तुझी झाली, पण मी सांभाळून घेतो. तवा तुमाला ठावं हुतं?”

देशिंगकरांनी टेबलावरच्या कागदांची कड जुळवली.  बाबासो उभाच राहिला. बराच वेळ झाल्यावर शेडबाळे मॅडमनी पेन उचललं आणि लिहिता लिहिता मोठ्यानं म्हणाल्या, “प्रश्न विचारला. उत्तर दिले नाही.”

बाहेर व्हरांड्यात मुल्ला साहेब बाबासोपुढे हात जोडायला गेले. बाबासोनं ते हात मध्येच धरले आणि खाली केले.

महिन्याभरात बाबासोवरचे आरोप मागे घेतले गेले, पोलिसांतलं प्रकरणही पुढे मिटलं. देशिंगकर आधी रजेवर गेले आणि मग प्रकृतीच्या कारणानं राजीनामा देऊन गेले. संघानं त्यांना निरोपाला शाल-नारळसुद्धा दिला. मला मिळाली बदली, घाटाकडच्या एका शीतकरण केंद्रावर, जिथं एक कॉम्प्युटर होता आणि तोही बहुतेक वेळा झाकून ठेवलेला. मेमोचा खुलासा मी दिला होता, सेवा मीच बंद केली आणि पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा करेन. बोर्डाचं म्हणणं पडलं की शेवटचं वाक्य काढून माफी लिहिली तर बदली रद्द होईल. मी वाक्य काढलं नाही. चार वर्षं तिथं काढली. रोज दोन एसट्या बदलून जायचे. त्याचं वाईट कधी वाटलं नाही असं म्हणणार नाही, पण पश्चात्ताप एकदाही झाला नाही.

बदलीचा कागद घ्यायला मी जुलैच्या एका मंगळवारी संघात गेले, तर अमोनिया प्लांटच्या बाहेर माणसं उभी होती. पुण्याहून फिटर आले होते, व्हॉल्व्ह बदलायचं काम चालू होतं. कामावर परत घेतलेला बाबासो आत त्यांच्याबरोबर होता. मुल्ला साहेबांना त्यानं मुद्दाम बोलावून घेतलं होतं. ते कुंपणाच्या जाळीला धरून बाहेर उभे होते, गेटपास नव्हता म्हणून. मी त्यांच्याशेजारी जाऊन उभी राहिले.

थोड्या वेळानं बाबासो हात पुसत बाहेर आला. जुना व्हॉल्व्ह त्याच्या हातात होता, तांबूस, मुठीएवढा. जाळीच्या फटीतून त्यानं तो मुल्लांना दाखवला.

“किती वेळ लागला?” मुल्ला साहेबांनी विचारलं.

“धा वाजता लागल्यात. आता साडेबारा. अडीच तास.”

मुल्ला साहेबांनी जाळीला कपाळ टेकवलं. मग ते माझ्याकडे न बघता म्हणाले, “बाई, हे कुठंतरी लिहून ठेवा.”

माझ्याकडे बदलीचा कागद होता. मी त्याच्याच मागं लिहिलं. अडीच तास.